दोन बाप, दोन गेम: 'गॉड ऑफ वॉर' घ्यावा की 'विचर ३'?

व्हिडिओ गेमचा सेल लागला की आमच्या नाशिकच्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: पैसे एकाच गेमचे आहेत, कुठला घेऊ? उत्तरही ठरलेलं. मारामारी हवी तर 'गॉड ऑफ वॉर', स्टोरी हवी तर 'विचर ३'. ही वाटणी मला पटत नाही. स्टोरी दोन्हींत भरपूर आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी बापाच्याच आहेत. २०१८च्या 'गॉड ऑफ वॉर'मध्ये क्रेटोस आणि त्याचा मुलगा एट्रियस, आईची राख सगळ्यांत उंच शिखरावरून उधळायला निघालेत. २०१५च्या 'विचर ३'मध्ये गेराल्ट आपल्या मानलेल्या मुलीला, सिरीला शोधतोय. फरक एवढाच, की गोष्ट कटसीनमध्ये (मध्येच येणाऱ्या, नुसत्या बघायच्या दृश्यात) कळते की तुमच्या हातातून, आणि कोणत्या वेळी.

पुढे थोडे स्पॉयलर आहेत. त्याचं फार दडपण घेऊ नका. पंचवटीत कथेला बसणाऱ्यांना शूर्पणखेचं नाक कापलं जाणार हे लहानपणापासून ठाऊक असतं, तरी मांडव भरतोच.

आधी 'गॉड ऑफ वॉर'. कॅमेरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठेही कट होत नाही. ऐकायला ही दिग्दर्शकाची हौस वाटते, पण खेळताना तिचा अर्थ कळतो: बापलेकांपासून तुमची सुटकाच होत नाही. कुऱ्हाड फेकायची, रिकाम्या हाताने चार ठोसे लगावायचे, बटण दाबून कुऱ्हाड परत बोलवायची. ती तळहातात येऊन आदळते तेव्हा कंट्रोलर थरथरतो. यात शेवटपर्यंत कंटाळा येत नाही. पण खरी कमाल दुसऱ्या एका बटणात आहे. ते दाबलं की एट्रियस बाण सोडतो. सुरुवातीला त्याच्या बाणांचा उपयोग बेताचाच, मग हळूहळू तुम्ही त्याच्यावर विसंबायला लागता. मध्येच पोरगा आजारी पडतो आणि क्रेटोसला त्याच्याशिवाय जावं लागतं. लढाईत सवयीने अंगठा त्या बटणावर जातो आणि काहीच होत नाही. एका शब्दाचा संवाद नाही, तरी बापाला काय वाटत असेल ते कळतं. स्टोरी आणि गेमप्ले वेगवेगळे मोजू नयेत म्हणतो, ते यासाठी.

उणं आहेच. तेच ते ट्रोल नाव बदलून पुन्हा पुन्हा समोर येतात. चिलखताचे तुकडे आणि आकडे हा मामला रोल-प्लेइंग गेमांकडून (जिथे पात्राची ताकद आकड्यांनी वाढवत न्यायची) उसना आणलेला वाटतो, तो नसता तरी चाललं असतं. आणि निर्णय? एकही तुमचा नाही. क्रेटोस जसा आहे तसाच राहणार.

'विचर ३'मध्ये बरोबर उलट. हाताची मजा मध्यम आहे. हलका वार, जोरदार वार, बाजूला सरकणं, पाच मंत्र. साध्या डिफिकल्टीवर क्वेन हा संरक्षणाचा मंत्र लावून उड्या मारत राहिलात तरी निभावतं. वर लेव्हलचा जाच: गोष्टीत गेराल्ट नावाजलेला राक्षस-शिकारी, आणि डोक्यावर लाल कवटी असलेला (म्हणजे लेव्हल बरीच वरची असलेला) कुठलाही ऐरागैरा दरोडेखोर त्याला दोन फटक्यांत झोपवतो. सिरीचा जीव धोक्यात असताना आपण खानावळीत निवांत ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचे डाव टाकत बसतो, ते वेगळंच. (ग्वेंट चांगलाच आहे, तक्रार नाही.)

पण निर्णयांच्या बाबतीत याच्याजवळ फारसे गेम पोहोचत नाहीत. वेलेनच्या दलदलीत झाडाखाली कोंडलेला एक आत्मा भेटतो. सोडलात तर अनाथ पोरं वाचतात, पण एक अख्खं गाव जातं, आणि बायकोच्या मृत्यूनंतर तिथला सरदार, बॅरन, गळफास घेतो. मारलात तर पोरं जातात, बॅरन वेड्या झालेल्या बायकोला घेऊन उपचार शोधायला निघतो. निवडताना यातलं काहीच माहीत नसतं. परिणाम बऱ्याच वेळाने समोर येतो, तोवर मागची सेव्ह फाइल काढण्यात अर्थ उरलेला नसतो.

आणि शेवट कसा होणार हे तलवार ठरवत नाही. निराश सिरीला तुम्ही दारू पाजलीत की तिच्याशी बर्फाचे गोळे फेकून खेळलात, जादूगारिणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ दिलंत की मागे मागे गेलात, अशा बारीकसारीक गोष्टींवर ते ठरतं. बाप म्हणून आपली परीक्षा चालू आहे हे गेम तुम्हाला सांगतच नाही. लढाईतली सगळी कमतरता मी या एका युक्तीवर माफ करतो.

वेळेचं गणित मात्र बघा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करून रात्री तासभर मिळत असेल, तर 'गॉड ऑफ वॉर'ची मुख्य गोष्ट वीस-पंचवीस तासांत संपते. 'विचर' पन्नासच्या पुढे जातो, आणि 'ब्लड अँड वाइन'सारखी जादा गोष्टीची भर घेतली तर शंभरच्याही. आठवडाभर खंड पडला तर कोणी काय काम सांगितलं होतं ते विसरायला होतं. लोडिंग स्क्रीनवर गोष्टीची उजळणी होते तेवढाच आधार. वाचनही खूप आहे, आणि मराठी सबटायटल्स दोन्हींत नाहीत.

एवढं लांबलचक नकोच असेल तर पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) बघा. भावाला शोधणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णूच्या संवादातून उलगडणारी गोष्ट, देखणी चित्रं. लढाई जेमतेम आणि शेवट अर्धवट, पण एका शनिवार-रविवारचं काम.

माझं मत: सहा महिन्यांत एकच गेम खेळून होत असेल तर 'गॉड ऑफ वॉर'. वेळ हाताशी असलेल्या कॉलेजवाल्यांनी 'विचर' घ्यावा. दोन्ही घेणार असाल तर 'विचर' आधी, कारण कुऱ्हाडीची सवय लागल्यावर गेराल्टची तलवार फारच मिळमिळीत वाटते.

स्टीमवर, म्हणजे पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानात, घेणार असाल तर आणखी एक. रिफंड मिळतो तो चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच. तेवढ्यात 'गॉड ऑफ वॉर'मधला दारावर येणारा अनोळखी माणूस आणि त्याच्याशी होणारी हाणामारी बघून होते; तिथे मजा आली नाही तर बिनधास्त परत करा. 'विचर'चे पहिले दोन तास व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या भागातच जातात आणि बॅरनची गाठ त्याच्या बरीच पुढे पडते. म्हणून तो पूर्ण किमतीला घेऊच नका, सेलची वाट बघा.