माळ्यावरच्या निगेटिव्हसाठी एप्सन व्ही ६०० की व्ही ८५०?

जुन्या निगेटिव्हसाठी एप्सनच्या या दोन स्कॅनरपैकी कुठला घेऊ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, डब्यात काय आहे? आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत दोन्ही प्रकार निघाले: बाबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याचे १२० म्हणजे रुंद रोल फिल्मवरचे कृष्णधवल चौकोन, आणि नव्वदीतल्या गणपती-लग्नांच्या ३५ मिमी रंगीत पट्ट्या. पट्ट्यांवर पावसाळ्यांनी बुरशी चढवलेली, ती वेगळीच.

खोक्यावरचा ६४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) हा आकडा विसरा. तो दोन्ही खोक्यांवर आहे. खरा तपशील व्ही ६०० मध्ये १६०० च्या आसपास मिळतो, व्ही ८५० मध्ये २३०० च्या. म्हणजे ३५ मिमीची फ्रेम पहिल्यात जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल, दुसऱ्यात सात. १२० फिल्मचा ६ बाय ६ सेंमीचा चौकोन मात्र व्ही ६०० वरही बारा मेगापिक्सेल देतो. भिंतीवर लावायला भरपूर झाला.

मला खरा फरक जाणवला तो होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीत. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलेली फिल्म कमानीसारखी वाकते. व्ही ६०० च्या प्लॅस्टिकच्या चौकटीत ती मधे फुगते आणि आजोबांचा चेहरा नेमका तिथेच पुसट येतो. व्ही ८५० च्या होल्डरची उंची कमीजास्त करता येते, फिल्म सपाट धरणारी खास पट्टीही असते. शिवाय एका वेळी १२ ऐवजी १८ फ्रेम बसतात. त्यासाठी मोजायचे पैसे मात्र कितीतरी पट.

स्कॅनमधली धूळ आपोआप पुसणारी डिजिटल आइस ही सोय दोन्हीत आहे. रंगीत फिल्ममधून इन्फ्रारेड किरण आरपार जातात, धूळ त्यांना अडवते, म्हणून ती ओळखून पुसता येते. कृष्णधवल फिल्मवर चित्रच चांदीचं. ती किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच कचरा समजतं. तिथे आइस बंद ठेवा, धूळ उडवायचा हवेचा ब्लोअर हातात घ्या. बुरशीने थर खाल्लाच असेल तर काहीच चालत नाही.

स्कॅन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्सनचंच एप्सन स्कॅन फुकट आणि रंगीत पट्ट्यांना पुरेसं. विकतच्यांपैकी सिल्व्हरफास्ट ताकदीचं, पण परवाना एका स्कॅनर मॉडेलला बांधलेला. स्कॅनर बदलला की पुन्हा खिशात हात. व्ह्यूस्कॅन दिसायला रुक्ष, पण जुने स्कॅनरही चालवतं. निगेटिव्हसाठी त्याची प्रोफेशनल आवृत्तीच लागते. चाचणी प्रतीत चित्रावर खुणा उमटतात, तरी अंदाज येतो.

मी व्ही ६०० आणि व्ह्यूस्कॅन घेतलं, कारण माझ्याकडे चौकोन जास्त. वाकलेल्या ३५ मिमी पट्ट्याच शेकड्यांनी असतील तर व्ही ८५० घ्या. वीस-पंचवीसच फ्रेम असतील तर दोन्ही नको, लॅबमध्ये स्कॅन करून आणा.

वापरलेला घेत असाल तर झाकण उघडून टॉर्च तिरकी धरा. आपल्याकडच्या दमट हवेत काचेला आतून धुरकटपणा धरतो, आणि तो वरून कितीही फडकं मारलं तरी जात नाही.