दमेकऱ्याच्या घरातील रबरी पट्टे
व्यायामाने छाती आवळून येणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला दोरीवरच्या उड्या झेपत नाहीत, म्हणून 5 रेझिस्टन्स बँडचा, म्हणजे ओढून व्यायाम करायच्या रबरी पट्ट्यांचा, संच मागवला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाचा इनहेलर 15 मिनिटे आधी घेऊन, 10 मिनिटे घरातच चालून, मग 30 सेकंद पट्टा ओढणे आणि तेवढीच विश्रांती, असा क्रम ठेवल्याने श्वास नाकानेच चालतो. तोंडाने ओढलेली कोरडी, गार हवा श्वासनलिका आकसवते, हे थंडीत चांगलेच जाणवते. मात्र पट्ट्यांच्या लॅटेक्सवरील (नैसर्गिक रबरावरील) पांढऱ्या भुकटीमुळे पहिल्याच दिवशी खोकल्याची उबळ आली; पट्टे धुऊन सावलीत वाळवल्यावरच ते वापरण्याजोगे झाले. हिरवा पट्टा तिसऱ्या महिन्यात मुठीपाशी चिरला, आणि विक्रेत्याने तो बदलून दिला नाही.