हॅन्सार्ड : ब्रिटिश उजव्यांचे भांडण मुळातून वाचण्याची विनामूल्य सोय

ब्रिटिश संसदेच्या कामकाजाचा अधिकृत वृत्तान्त 'हॅन्सार्ड' या नावाने ओळखला जातो आणि तो संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही, नोंदणी न करता आणि एक पेनीही न मोजता वाचता येतो. हुजूर पक्ष आणि त्याच्याही उजवीकडचा, नायजेल फराज यांचा रिफॉर्म यूके हा पक्ष यांच्यात 'ब्रिटिश म्हणजे कोण' या प्रश्नावरून जी ओढाताण चालू आहे, ती समजून घेण्यासाठी ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच अंगाने हे परीक्षण केले आहे. हा वाद दोन पक्षांमधला नवा वाद नसून एकाच पक्षाच्या घरात अर्धशतकाहून अधिक काळ धुमसत असलेला आणि आता वेगळी चूल मांडलेला वाद आहे, हे हॅन्सार्डइतके स्पष्ट दुसरे कोणतेही साधन दाखवत नाही, असे माझे मत झाले आहे.

वापर सोपा आहे. सभागृहात उच्चारलेले वाक्य साधारण तीन तासांत संकेतस्थळावर येते. शब्द, तारीख, सभागृह किंवा सदस्याचे नाव यांवरून शोध घेता येतो. भाषणाआधी सदस्याचे नाव आणि कंसात त्याचा मतदारसंघ व त्या दिवशीचा पक्ष छापलेला असतो. हा कंस वरवर क्षुल्लक वाटतो, परंतु आपल्या विषयासाठी तोच फार बोलका आहे. ॲशफील्डचे ली अँडरसन यांच्या नावापुढे फेब्रुवारी 2024 पर्यंत हुजूर पक्षाची खूण दिसते आणि मार्च 2024 पासून रिफॉर्मची. ग्रेट यार्मथचे रुपर्ट लो रिफॉर्मकडून निवडून आले, मार्च 2025 मध्ये पक्षाने त्यांना निलंबित केले आणि पुढे त्यांच्या नावापुढे अपक्ष अशी नोंद आली. माणूस तोच, मतदारसंघ तोच, बदलतो तो फक्त कंस.

सेवेचे खरे मोल जुन्या चर्चांत आहे. 1968 साली केनियातून येऊ पाहणाऱ्या, ब्रिटिश पारपत्र बाळगणाऱ्या आशियाई लोकांना रोखण्यासाठी मजूर पक्षाच्या सरकारने घाईघाईने कायदा केला आणि आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले असले तर मुक्त प्रवेश, अशी त्याची मुख्य अट ठेवली. हुजूर पक्षातले दोन माजी वसाहतमंत्री या प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले : डंकन सँडिस निर्बंधांची मागणी करीत होते, तर इयन मॅक्लिऑड यांनी ब्रिटनने त्या लोकांना दिलेल्या शब्दाचा दाखला देत विधेयकाविरुद्ध मत दिले. राष्ट्र रक्ताने ठरते की राज्याने दिलेल्या वचनाने, हा आजचा प्रश्न तेव्हा एकाच बाकावरून दोन तोंडांनी विचारला जात होता.

1990 चे हाँगकाँग विधेयक तर आवर्जून वाचावे. लवकरच चीनकडे जाणार असलेल्या हाँगकाँगमधील 50,000 कुटुंबप्रमुखांना, त्यांच्या कुटुंबीयांसह, ब्रिटिश नागरिकत्व देण्याचा हा प्रस्ताव थॅचर सरकारचा होता आणि त्याला सर्वांत कडवा विरोध थॅचर यांचेच एकेकाळचे पक्षाध्यक्ष नॉर्मन टेबिट यांनी केला. स्थलांतरित क्रिकेटमध्ये कोणत्या संघाची बाजू घेतात, ही टेबिट यांची गाजलेली कसोटी त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यातली आहे. ते वाक्य सर्वांना पाठ असते; मात्र ते कोणत्या विधेयकाच्या धुमश्चक्रीत आले, हे फारसे कोणी सांगत नाही.

मतविभागणीच्या, म्हणजे कोणी कोणत्या बाजूने मत दिले याच्या, याद्या हा या सेवेचा दुसरा मोठा गुण. 17 जानेवारी 2024 रोजी आश्रयार्थींना रवांडात पाठवण्यासंबंधीच्या विधेयकाच्या तिसऱ्या वाचनाला हुजूर पक्षाच्या 11 सदस्यांनी, विधेयक पुरेसे कठोर नाही म्हणून, विरोधात मत दिले. सरकार 320 विरुद्ध 276 असे जिंकले. या अकरांतील अँड्रिया जेनकिन्स, डॅनी क्रूगर, रॉबर्ट जेनरिक आणि सुएला ब्रेव्हरमन हे चौघे पुढे 2024 ते 2026 या काळात रिफॉर्ममध्ये गेले, तर त्याच यादीतले मार्क फ्रँस्वा हुजूर पक्षातच राहिले. फुटीचा असा आगाऊ आराखडा वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून सापडत नाही.

मर्यादाही मोठ्या आहेत. राष्ट्रीय अस्मितेविषयीचे सर्वांत तिखट बोल ब्रिटिश राजकारणी सभागृहाबाहेर बोलतात, आणि तेथे हॅन्सार्ड पोहोचत नाही. हुजूर पक्षाचे खासदार एनॉक पॉवेल यांचे एप्रिल 1968 चे कुप्रसिद्ध स्थलांतरविरोधी भाषण बर्मिंगहॅममध्ये झाले, म्हणून ते येथे नाही; केनियातील होला छावणीत मारल्या गेलेल्या आफ्रिकी कैद्यांच्या बाजूने त्यांनीच जुलै 1959 मध्ये केलेले भाषण मात्र आहे, आणि ते वाचल्यावर पॉवेल यांच्याविषयीचे कोणतेही सरधोपट मत डळमळते. ऋषी सुनक साउदम्प्टनमध्ये जन्मले असूनही 'इंग्लिश' ठरतात का, हा फेब्रुवारी 2025 चा वाद पॉडकास्टवर सुरू झाला, आणि आपण ब्रिटिश असलो तरी इंग्लिश नाही, हे लंडनमध्ये जन्मलेल्या ब्रेव्हरमन यांनी वृत्तपत्रात लिहिले. 4 जून 2025 रोजी रिफॉर्मच्या सारा पोचिन यांनी पंतप्रधानांना बुरखाबंदीविषयी विचारलेला प्रश्न हॅन्सार्डमध्ये नीट छापलेला आहे. परंतु त्या प्रश्नाला मूर्खपणा म्हटल्यानंतर पक्षाध्यक्ष झिया युसुफ यांनी दिलेला राजीनामा आणि दोनच दिवसांत झालेले त्यांचे पुनरागमन यांचा तेथे मागमूस नाही, कारण युसुफ खासदारच नव्हते. रिफॉर्मच्या आतला तडा दिसण्यासाठी वाचकाला त्या दिवसांची वृत्तपत्रे शेजारी ठेवावीच लागतात.

वृत्तान्त शब्दशः नसतो, हेही ध्यानात ठेवावे. पुनरुक्ती गाळली जाते, उघड चुका दुरुस्त होतात, आणि बाकांवरचा गलका व बोलण्यातला उपरोध कागदावर बराच सपाट होतो. जुन्या खंडांच्या यांत्रिक वाचनात अक्षरांच्या चुका राहिल्यामुळे नेमका शब्द शोधताना हवी ती चर्चा हुकू शकते. तेथे तारखेवरून शोधणे बरे. टिपा, संदर्भ, पार्श्वभूमी असे काहीही दिलेले नसल्याने कोणते विधेयक कशासाठी आले होते, हे आधी ठाऊक नसलेला वाचक दहा पानांत कंटाळेल.

तरीही पाचपैकी चार तारे द्यायला माझी हरकत नाही. नव्या वाचकाने आजच्या गदारोळापासून सुरुवात न करता 19 एप्रिल 1990 ही तारीख टाकून हाँगकाँग विधेयकाचे दुसरे वाचन उघडावे, आणि थॅचर सरकारच्या पाठीमागच्या बाकांवरून काय काय बोलले गेले, ते आधी वाचावे.