नोटो देवनागरी: पैसा गूगलचा, फाँट आपला

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या डीटीपीवाल्याला एकाच पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी बसवावं लागतं. पतसंस्थेची नोटीस असो की गणेशोत्सव मंडळाचं पत्रक. या कामाला नोटो हा फुकट मिळणारा फाँट चोख आहे. गूगलच्या पैशातून झालाय म्हणून त्याच्याकडे संशयाने बघायचं कारण नाही, लायसन्स मात्र वाचायचं.

2015 पासून नोटो एसआयएल ओपन फाँट लायसन्स या खुल्या परवान्याखाली मिळतो. छापा, कॉपी करून शेजारच्या दुकानाला द्या, अक्षरं बदलून नवा फाँट काढा. नुसता फाँट सुटा विकायचा नाही आणि बदललेलाही त्याच लायसन्सखाली ठेवायचा, हीच मुख्य बंधनं. उद्या गूगलने हात आखडता घेतला तरी मिळालेला हक्क जात नाही. ओपनऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं असंच झालं. 2010 मध्ये ते सांभाळणारी सन कंपनी ओरॅकलने घेतली, त्याच सप्टेंबरात मंडळी बाहेर पडली आणि तोच कोड घेऊन लिबरऑफिस उभं राहिलं. उलट अँड्रॉइडचा सोर्स कोड खुला असूनही त्यावर चालणाऱ्या गूगलच्या प्ले सर्व्हिसेसचा कोड बंदच आहे. कंपनी तीच, पैसाही तोच. पण दिलेलं परत ओढता येईल अशी दोरी हातात ठेवली की ती मदत खरी नाही. नोटोला अशी दोरी नाही.

आता कामाचं. गूगल फाँट्सवरून झिप उतरवली की त्यातल्या स्टॅटिक फोल्डरमधल्या फाइल्सच बसवा. एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या असलेला व्हेरिएबल फाँट जुन्या सॉफ्टवेअरना कळत नाही आणि बोल्ड बिघडतो. लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्समधून कॉम्प्लेक्स टेक्स्टची (म्हणजे देवनागरी, कन्नडसारख्या लिप्यांची) भाषा मराठी ठेवा. ती हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मग एफ 11 दाबून मूळ परिच्छेदाची स्टाइल उघडा. तिथे इंग्रजीचा आणि कॉम्प्लेक्स टेक्स्टचा फाँट वेगवेगळा द्यावा लागतो. बहुतेक जण पहिलाच बदलतात आणि 'मराठी बदलतच नाही' म्हणून बसतात.

खरी अडचण कन्नडची. देवनागरी आणि कन्नड मिळून स्टाइलमध्ये रकाना एकच, त्यामुळे कन्नड मजकुराला भलताच फाँट लागतो आणि प्रेसच्या संगणकावर आणखी तिसराच. कन्नडसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल (निवडलेल्या अक्षरांपुरती स्टाइल) करा: फाँट नोटो सान्स कन्नड, भाषा कन्नड. प्रेसला पीडीएफच द्या.

'सुऱ्या', 'दऱ्या' टाइप करताना इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे, डी आणि मग य. काही जण साध्या र ला हलन्त देऊन जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) घालतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकाने दुसरा सापडत नाही. दोनशे नावांच्या सभासद यादीत हे फार छळतं.

नोटोच्या ओळी उंच आहेत. 12 पॉइंटला ओळींचं अंतर फिक्स्ड 18 द्या. फार आवळलं तर वेलांटी आणि रफार कापले जातात.

शीर्षकाला मात्र नोटो फिका पडतो. तिथे 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा बलू वापरा: लायसन्स तेच, आणि जोडीला कन्नडचा बलू तम्मा आहे, म्हणजे पत्रकाच्या दोन्ही ओळी एका घरच्या दिसतात.