‘बुक ऑफ द मंथ’ : पुस्तकं राहू द्या, त्यांच्यावरचा मजकूर वाचा

‘बुक ऑफ द मंथ’ हा सदस्यांना दर महिन्याला घरपोच पुस्तक देणारा अमेरिकी क्लब भारतात पुस्तकं पाठवत नाही. तरीही मराठीत वाचक-क्लब चालवणाऱ्यांनी त्याच्या संकेतस्थळावरचा मजकूर बारकाईने वाचावा.

प्रत्येक पुस्तकाच्या पानाची मांडणी ठरलेली असते : एका ओळीची ओळख, मग चित्रखुणा, कथासार आणि ‘मला का आवडलं’ असं टिपण. यातल्या चित्रखुणा सगळ्यात हुशारीच्या. पुस्तक कसं आहे ते त्या आधीच सांगतात : 400 हून जास्त पानं, अनेक निवेदक, काळ पुढे-मागे, संथ चाल. ‘संथ चाल’ पाहून थरार शोधणारा वाचक पुढे सरकतो. दुकानदाराला हा तोटा वाटेल, पण क्लबचं पोट पुढच्या महिन्यावर असतं. चुकीच्या हातात पडलेलं पुस्तक सदस्यच घालवतं.

‘मला का आवडलं’ मात्र अनेकदा फुसकं निघतं. रात्रभर जागवलं, डोळे पाणावले, याच्या पलीकडे हाती काही लागत नाही.

1926 मध्ये क्लब काढला तो हॅरी शर्मन या जाहिरात-लेखकाने. सुरुवातीला पुस्तक थेट घरी जायचं, नको असेल तर परत करायचं. परतीचे ढीग लागले. मग आधी माहितीपत्रक आणि ‘नको’ कळवायला मुदत, अशी पद्धत आली. उत्तर नाही आलं तर पुस्तक रवाना. 1973 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारच्या व्यापार-नियामक संस्थेने नियम करून अशा योजनांत सदस्याला विचारासाठी निदान 10 दिवस द्यायला लावले. त्या माहितीपत्रकात निवड समितीतल्या परीक्षकाचा अभिप्राय वेगळा आणि लेखकाचं व्यक्तिचित्र वेगळं असे. मजकुराचं काम ‘नको’ टाळण्याचं होतं. आता सदस्य महिन्याच्या मोजक्या पुस्तकांतून स्वतः निवड करतो, म्हणून पहिल्या ओळीवरच सगळा भार.

ती ओळ 12-15 शब्दांची हवी : माणूस, त्याची अडचण, ठिकाण. ‘मानवी नात्यांचा हृदयस्पर्शी वेध घेणारी अप्रतिम कादंबरी’ हे कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं. त्याऐवजी (मासला काल्पनिक आहे) ‘धरणात जाणाऱ्या गावच्या तलाठ्याला सख्ख्या भावाच्याच घराचा पंचनामा करायचा आहे’. एकही विशेषण न वापरता पुढे काय, हे विचारावंसं वाटतं. कथासार 150 शब्दांत आटपा आणि पुस्तकाच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काही फोडू नका. मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा डकवणं हा आपल्याकडचा सर्रास आळस. सदस्याने तो विक्रीच्या पानावर आधीच वाचलेला असतो.

लेखकाच्या ओळखीत आपण हमखास घसरतो. जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार, अशी यादी संपेपर्यंत वाचक गेलेला असतो. पुरस्कार एका ओळीत बसवा. मुलाखतीत पाच प्रश्न पुरेत, पण ‘लेखनाची प्रेरणा काय?’ हा नको. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. कुठलं प्रकरण सगळ्यात जास्त वेळा लिहिलंत? संपादकाने काय कापायला लावलं? कुणाची बोली ऐकून संवाद लिहिले? असे प्रश्न पुस्तक वाचलेल्यालाच सुचतात, हे लेखकालाही लगेच कळतं. अनुवाद असेल तर अनुवादकालाही बोलतं करा. उतारा छापायचा तर प्रकाशकाची लेखी परवानगी आधी. लेखक फोनवर ‘हो’ म्हणाला म्हणजे हक्क मिळाले, असं नव्हे.

सगळा दारूगोळा घोषणेच्या दिवशीच उडवू नका. तेव्हा ओळख आणि उतारा, मुलाखत दोन आठवड्यांनी, निम्मं पुस्तक वाचून झाल्यावर. शेवट उघड करणारी उत्तरं चर्चेच्या दिवसापर्यंत राखून ठेवा. नोंदणीची अखेरची तारीख पहिल्या दोन ओळींत घाला. व्हॉट्सअॅपवर ‘आणखी वाचा’च्या खाली गेलेली तारीख कुणी पाहत नाही.