काळ्या फरशीवरचं लिंबू आणि माझे २०,००० रुपये

परवा उदगीरहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, दोन पोरं आलीत. ओट्याला नॅनो कोटिंग करून देतो म्हणतात. पंधरा वर्षं डाग पडत नाही म्हणे. करू का?"

मी एकच विचारलं, "त्यांच्या पिशवीत काळी फरशी आहे का गं?"

"हो, तिच्यावरच लिंबू पिळून दाखवलं की."

म्हणून हे लिहायला बसले. तीन महिने लाजेपोटी नातेवाइकांत कुणाला बोलले नव्हते. पण मला फसवणारी तीच पोरं, तीच पिशवी, तेच लिंबू घेऊन गावोगाव फिरत असतील, तर माझी लाज काय कामाची?

मी लातूरला शिकवणीच्या पोरांचे डबे करते. दोन्ही वेळचे मिळून ६४ डबे. ओटा म्हणजे माझं दुकान आहे. नवं घर बांधताना काळ्या दगडाने स्वयंपाकघर अंधारं होतं म्हणून मीच हट्टाने फिकट राखाडी ग्रॅनाइट बसवून घेतला, आणि यांच्या हौसेखातर बाथरूमला पांढरा मार्बल. वर्षभरात शेगडीभोवती तेलाची काळपट वर्तुळं उमटली. येसराची आमटी सांडली की हळदीचा पिवळा डाग राहायचा. बाथरूममध्ये बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार. घासून घासून बोटं सोलली, तेव्हा कुठे मी ऐकायला तयार झाले. कुणी येऊन गळ घातली आणि मी भुलले, असं झालेलं नाही. मला गरज होती.

१२ मार्चला दुपारी ते दोघं आले. गळ्यात ओळखपत्र, एकसारखे टी-शर्ट, "काकू, काकू" करत अगदी अदबीने बोलत होते. पिशवीतून वीतभर काळा ग्रॅनाइट काढला, त्यावर पाणी ओतलं, थेंब मोत्यासारखे घरंगळले. मग लिंबू पिळलं, वर तेल आणि हळद टाकली. पाच मिनिटांनी पुसलं. डाग नाही.

हाच तो क्षण. रात्री झोप येत नाही तेव्हा मी तिथेच जाऊन उभी राहते. मी म्हणाले होते, "हे माझ्या ओट्यावर करून दाखवा." तो म्हणाला, "काकू, तुमचा ओटा तेलकट आहे, कोटिंगशिवाय कसं दाखवणार?" आणि मी मान डोलावली! अहो, काळा ग्रॅनाइट मुळातच इतका घट्ट असतो की तो पाणी-तेल जवळजवळ पितच नाही. त्याच्यावर काही न लावताही डाग पडला नसता. आणि लिंबाने ग्रॅनाइटला तसंही काही होत नाही, लिंबू खातं ते मार्बलला. म्हणजे त्याने दाखवलं त्यात त्याच्या औषधाचा काडीचा संबंध नव्हता. हे मला तेव्हा कोण सांगणार? दुकानदाराने दगड विकताना सांगितलं नाही, मिस्त्रीने बसवताना सांगितलं नाही.

हिशोब असा. ओटा ४२ चौरस फूट, १६० रुपये दराने ६,७२०. बाथरूम ११८ चौरस फूट, ११० दराने १२,९८०. 'वॉरंटी कार्ड'चे ४९९. एकूण २०,१९९. वरचे १९९ सोडले म्हणून मला आनंद झाला होता, तेही सांगते. ५,००० फोनवरून, १५,००० रोख. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव आलं. "आमचे अकाउंटंट आहेत, काकू." रोख दिलेल्या पैशाची आज माझ्याकडे पावतीही नाही. रोख देऊ नका. कितीही सूट मिळो, देऊ नका.

पावणेदोन तासांत काम उरकलं. ओटा ओल्या फडक्याने पुसला आणि वरून ब्रशने औषध मारलं. डबा पांढरा, त्यावर फक्त 'लाइफटाइम नॅनो'. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, महिना-वर्ष नाही. किराणा दुकानातली मिठाची पुडी घेताना मी हे सगळं वाचते. पण त्या दिवशी चूल खोळंबली होती, संध्याकाळचे ३२ डबे बाकी होते, आणि ओटा आरशासारखा चमकत होता. चमकणं हीच खूण होती. दगडात मुरणारं खरं सीलर लावल्यावर दगड दिसायला तसाच राहतो, वर थर धरत नाही. उलट, जास्तीचं सुकायच्या आत पुसून घ्यावं लागतं, नाहीतर धुरकट पडतं. त्यांनी एकदाही काही पुसून घेतलं नाही.

एकोणीस दिवस. ३१ मार्चला सकाळी वरणाचं गरम पातेलं ओट्यावर ठेवलं आणि उचलताना बुडाला चिकटून गोल पापुद्रा निघाला, दुधावरच्या सायीसारखा. खाली तेच जुनं तेलाचं वर्तुळ, जसंच्या तसं. डाग न काढताच वरून झाकला होता. बाथरूममध्ये नळाखालची भिंत दुधाळ झाली होती, नखाने खरवडलं की कातडी सोलल्यासारखी निघत होती. थराच्या मागे ओल अडकली होती. आणि जिथे मुलाने बोअरचे डाग जावेत म्हणून ॲसिड टाकलं, तिथे मार्बलला खरबरीत खळगा पडला. 'आता ॲसिडनेही काही होत नाही' हे त्या पोरांचंच वाक्य. मार्बल असो, शहाबादी असो, कडप्पा असो, ॲसिड त्याला खातंच. दगडात मुरणारं कुठलंही सीलर ते थांबवत नाही. ते फक्त डाग मुरायचा वेग कमी करतं, आणि दगड-वापर बघून काही वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. बोअरचे क्षार तर दगडाच्या वरच बसतात, त्यांना उपाय एकच, आंघोळीनंतर वायपरने भिंत ओढून कोरडी करणं.

वॉरंटीच्या नंबरवर आधी रिंग जायची, मग फोन बंद. रात्री बिल नीट बघितलं. जीएसटी नंबर मोजला तर १४ अक्षरं. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. बिलावर पत्ता छत्रपती संभाजीनगरचा, नंबराची सुरुवात ३६ ने. फोनवर दोन मिनिटांत तपासता येतो. पैसे देण्याआधी तपासा.

आता पोलीस चौकीचं ऐका. पहिल्या दिवशी विचारलं, "काम केलं ना त्यांनी? मग फसवणूक कशी? ही दिवाणी बाब आहे." दुसऱ्यांदा गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा, टाइप केलेला अर्ज चालत नाही, हाताने लिहून आणा. तिथल्याच बाकावर बसून तीन पानं लिहिली. पोच मागितली तर, "ठेवा, बघतो." खोटा जीएसटी नंबर, खोटा पत्ता, खोटी वॉरंटी, हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनही दिवाणी? मग फौजदारी कशाला म्हणायचं? एकाने तर समोरच हसून म्हटलं, "काकू, वीस हजारात ओटा चमकवायला कुणी सांगितलं होतं?" माझ्या वयाच्या बाईला, भर चौकीत. बँकेत गेले तर, "पिन तुम्हीच टाकला ना?" हो, मीच टाकला. म्हणून त्या खातेदाराला तुम्ही एक प्रश्नही विचारणार नाही? त्याचा पॅन, आधार, फोटो, पत्ता तुमच्याकडे पडून आहे!

ऑनलाइन गेलेल्या पैशासाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लगेच करायचा असतो, पहिल्या काही तासांत. तेव्हा पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो. मी एकोणीस दिवसांनी केला. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांच्या आत करता येते. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा खरा पत्ता लागतो. तोच तर नाही. म्हणून पैशाआधी पत्ता घ्या, आणि दुकान डोळ्यांनी बघून या.

पापुद्रा काढून मार्बल पुन्हा घासून घ्यायला ६,५०० गेले. त्या पॉलिशवाल्याने थर बोटांत चुरगळून बघितला. "काकू, हे बाहेरच्या शोभेच्या दगडाला मारायचं ॲक्रिलिक हाय. न्हाणीत कोण मारतं का?" ओट्यावरचे तेलाचे डाग मी स्वतः काढले. खाण्याच्या सोड्याचा पाण्यात घट्ट लेप, वर प्लास्टिक, चोवीस तास. मग प्लास्टिक काढून लेप वाळू दिला. असं दोनदा. दोन दिवस ओटा कोरडा ठेवला, डबे शेजारणीच्या ओट्यावर केले. मग दगडात मुरणाऱ्या सीलरचा एक लिटर डबा १,४५० ला आणला आणि लावून पुसला. अर्ध्याहून जास्त अजून शिल्लक आहे.

गरज आहे की नाही, हेही घरीच कळतं. कोरड्या दगडावर चमचाभर पाणी टाका आणि पंधरा मिनिटं थांबा. खाली दगड काळवंडला तर तो पाणी पितो, सीलर लावा. नाही काळवंडला तर पैसे घरात ठेवा.

नणंदेला तेवढंच सांगितलं होतं: लिंबू तुझ्या बाथरूमच्या मार्बलवर पिळायला लाव, आणि दोघांचा फोटो काढ. फोटो आला आहे. उद्या सकाळचे डबे गेले की तो घेऊन चौथ्यांदा चौकीत जाते आहे.