तीन लाकडांची चौकट

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मुख्य दाराची चौकट करून आणली. दुकानाचं नाव देत नाही, कारण निम्मी तक्रार आहे.

भाव विचारला तर मालकांनीच उलट विचारलं, "उंबऱ्यासकट की बिनउंबऱ्याची?" म्हटलं, म्हणजे काय? "अहो सर, हल्ली लोक तीनच लाकडं नेतात. दोन उभी, एक आडवं. खाली ग्रॅनाइटची पट्टी."

आयुष्यभर संस्कृत शिकवलेला माणूस मी, गप्प कसा बसणार? चौकट म्हणजे मुळात चतुष्काष्ठ, चार लाकडं. हिंदीतली चौखट हिचीच बहीण. आणि उंबरा आला उदुंबरावरून. संस्कृतात उदुंबर म्हणजे औदुंबराचं झाड, आणि दाराखालचं लाकूडही. चौथं लाकूड काढलंत तर ती चौकट कसली? पत्त्यातल्या चौकटलासुद्धा चार बाजू असतात! मालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चौथ्याचे पैसे वेगळे पडतील."

माल मात्र उत्तम. लाकूड सीपी सागवान. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, आपला जुना मध्य प्रांत. 1950 साली त्या प्रांताचं नाव गेलं, पण लाकूडवाल्यांच्या तोंडी ते अजून आहे. लाकडाचं माप पाच बाय तीन इंच, गाठ एकही नाही. दार बसायची खोबण वरपासून खालपर्यंत सरळ, सांध्यात पोस्टकार्ड शिरणार नाही. गणेशपट्टीवरचा गणपती हाताने कोरलेला. जरा रागावलेला दिसतो, पण आहे झकास.

आता तक्रार. दहा दिवसांचा वायदा होता, चौकट आली चोविसाव्या दिवशी. उंबरा फरशीच्या वर पाऊण इंच ठेवा म्हणून सांगितलं होतं, राहिला दोन इंच. आमच्या अक्कांचा वॉकर पहिल्याच दिवशी अडला. चार फोन केल्यावर सुतार आला आणि जागेवरच रंधा मारून गेला. पैसे घेतले नाहीत, पण भुसा तसाच टाकून गेला.

पाचपैकी तीन तारे. जाणार असाल तर उंबऱ्याची उंची कागदावर लिहून द्या आणि त्यावर मालकांची सही घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे कोणाच्या लक्षात राहत नाही.